शेजारचे काका अर्धा मिनिट पुढे जगतात

खाडीकाठ | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.४०

काल आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं. वृंदावनाला गेरू लावला होता, ऊस बांधले होते, चिंचा-आवळे ठेवले होते, आणि भटजींचा पत्ता नव्हता. (वाडीत भटजी एक, तुळशी बावीस.) ऑक्टोबर संपला तरी पाऊस काही जायला तयार नाही. तिकडे नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर पावसाने मॅच दोन तास लांबवली आणि इकडे खळं सारवलेलं वाळेना. शेवटी पाच वाजता दोन्हीकडे हालचाल सुरू झाली.

मॅच म्हणजे महिला विश्वचषकाची फायनल, हे सांगायला नको. मी ती मोबाइलवर बघतो. शेजारच्या काकांकडे डिश आहे. दोन घरांच्या मधे एक गडगा (दगडी कुंपण) आणि एक फणस, बाकी काही नाही. त्यामुळे त्यांच्या ओटीवरचं प्रत्येक अक्षर आमच्या ओटीवर ऐकू येतं.

रात्री अकरा वाजून गेले होते. दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून उभी, सगळ्यांचे जीव टांगणीला. माझ्या फोनवर दीप्ती शर्मा अजून बॉल हातात घेऊन फील्ड लावत होती. एवढ्यात गडग्यापलीकडून काकांचा आवाज आला: "गेली! ... अगंगंगं ... अरे सुटला ... घेतलाऽऽऽ!"

झालं. पुढे अर्धा मिनिट मी काय बघितलं? जे मला आधीच माहीत होतं ते. अमनजोत कौरच्या हातातून बॉल एकदा निसटला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा तिने पकडला, आणि मी तो झेल घराचे हप्ते भरावेत तसा निर्विकारपणे पाहिला. आयुष्यात असा झेल पुन्हा बघायला मिळेल की नाही कोण जाणे, आणि मला त्याचा धक्का म्हणून बसला नाही. काकांच्या चार शब्दांत सगळं सांगून झालं होतं.

आमच्या मागून आणखी दहा-पंधरा सेकंदांनी वरच्या वाडीतून ओरडा आला. तिकडे रेंज कमी. म्हणजे एकाच विकेटचा आनंद आमच्याकडे तीन हप्त्यांत झाला.

२ एप्रिल २०११ला अख्खी वाडी एका टीव्हीसमोर होती. धोनीने सिक्स मारला तेव्हा जो आवाज झाला, तो एकच आवाज होता. कुत्रीसुद्धा एकदमच भुंकली.

तर विचारायचं हे, की तुमच्याकडे बातमी आधी कुठून येते? मॅचचीच असं नाही, कसलीही. फोनवरून, टीव्हीवरून, की गडग्यापलीकडून?

---

सडेवाला | सकाळी ८.१५

आमच्याकडे काका नाहीत, बायको आहे. स्कोअरचा मेसेज तिच्या फोनवर टुंग करून येतो आणि ती स्वयंपाकघरातून जाहीर करते. गेली दोन वर्षं मी शेवटची ओव्हर निवांत बघितलेली नाही.

---

वायरमन_लांजा | सकाळी ९.०५

डिश बसवणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून थोडं सांगतो.

लोकांना वाटतं की डिशचा सिग्नल आकाशात जाऊन येतो म्हणजे तो उशिरा येत असणार. उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवर आहे हे खरं, पण वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंदच लागतो. उरलेला वेळ जातो तो चित्र दाबून लहान करण्यात आणि घरच्या डब्यात ते पुन्हा उलगडण्यात. तरी काही सेकंदांत काम होतं.

मोबाइलचं तसं नाही. तिथे मॅच सलग येतच नाही. तिचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, तुकडे सर्व्हरवर ठेवतात आणि तुमचा फोन ते एकेक करून उचलतो. वर रेंज गेली तर चित्र अडकू नये म्हणून फोन तीन-चार तुकडे आधी साठवतो आणि मगच दाखवायला लागतो. गोठ्यात पेंढा साठवल्यासारखं. ह्या साठवणीत अर्धा मिनिट सहज जातो. स्कोअरचा मेसेज म्हणजे चार अक्षरं, तो चित्राच्या आधीच पोचतो. तेव्हा सडेवाले, वहिनींचा दोष नाही.

पण काकांनीही फार मिरवू नये. जोराची सर आली की डिश बंद. त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, आपल्या पावसाच्या थेंबांपुढे त्यांचं काही चालत नाही. जून ते सप्टेंबर माझा फोन त्यासाठीच वाजत असतो. "पाऊस थांबला की येईल" हे वाक्य मी रेकॉर्ड करून ठेवणार आहे.

---

खाडीकाठ | सकाळी ९.४०

वायरमन, धन्यवाद. पेंढ्याचं पटलं.

खरं म्हणजे डिश माझ्याकडेही आहे, पण दोन वर्षांपासून चित्राचे चौकोन चौकोन होतात. समोरचा माड वाढलाय, त्याची झावळ आड येते. छत्री दुसऱ्या दिशेला वळवली तर?

---

वायरमन_लांजा | सकाळी ९.५२

वळवून चालत नाही हो. आपण ७३ रेखांशावर, आणि आपल्याकडच्या डिशचे उपग्रह ८३पासून १०८पर्यंत. सगळे आपल्या पूर्वेला, शिवाय विषुववृत्तावर. त्यामुळे कोकणातली कुठलीही छत्री आग्नेयेच्या बाजूलाच तोंड करून बसते. कंपनी बदलली तर थोडी इकडे-तिकडे सरकेल, एवढंच. एक तर छत्री हलवा, नाहीतर माड.

---

कुळागर | सकाळी १०.१०

माडाला हात लावू नका!! हिरवी झावळ तोडली की त्या पेरातली पोय (फुलोरा) कमजोर होते. एका मॅचसाठी वर्षाचे नारळ घालवाल.

---

आबोली_सावंतवाडी | सकाळी ११.३०

आमच्याकडे अजून रेडिओ आसा. आजयेचो. ती म्हणता, टीव्ही बघूक बसला काय कामां रवतत, रेडिओ ऐकत ओल्यो काजी सोलूक येतत. सकाळी बातम्ये, मगे बाजारभाव, मगे हवामान. खयचा पातेला कधी चुलीवर चढवचा, तां पण ती रेडिओवरच ठरवता. घड्याळ बंद पडान चार वर्सां झाली, कोणी सेल बदलूक नाय.

(मालवणीत लिवलंय, कोणाक कळला नाय तर विचारा.)

---

केळशीचा_पाहुणा | दुपारी २.२०

मॅचवरून हलकंफुलकं चाललंय त्यात मी जरा जड लिहितो आहे, चालवून घ्या.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. मी तेव्हा लॉकडाऊनमुळे गावीच अडकलो होतो, भाऊ डोंबिवलीला. आदल्या दिवसापासून प्रत्येक चॅनेलवर वादळाचा नकाशा गरगरत होता. सकाळी दहापर्यंत भाऊ फोनवर सांगत होता, आता अलिबागच्या दक्षिणेला येतंय, आता इतके किलोमीटर राहिलंय. म्हणजे आमच्या डोक्यावर काय येतंय ते त्याला आमच्याआधी दिसत होतं. मग लाईट गेली, थोड्या वेळाने टॉवर गेला, आणि फोन म्हणजे नुसती काच उरली.

वादळ चार-पाच तासांत संपलं. त्यानंतरचं मला जास्त आठवतं. मागच्या आगरातल्या पोफळी सगळ्या एका बाजूला निजल्या होत्या, कुणी हाताने कंगवा फिरवावा तशा. आमची कौलं गेली, शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या विहिरीत. आणि पलीकडच्या वाडीत काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं! मधे जेमतेम एक किलोमीटर, पण रस्ता झाडांनी भरलेला. तेवढ्या वेळात डोंबिवलीत बसून भावाने दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै सगळं बघून घेतलं होतं. फक्त आम्ही जिवंत आहोत की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी दापोलीहून एक मुलगा मोटरसायकलवरून आला. जिथे झाड आडवं होतं तिथे गाडी उचलून घेत आला. त्याच्या खिशात वहीचं पान होतं. त्यावर मुंबईच्या लोकांनी फोन करून सांगितलेली नावं, आणि प्रत्येक नावापुढे 'ठीक' लिहायला जागा. त्याने वाडी फिरून पान भरलं, रेंज मिळते तिथपर्यंत परत गेला आणि एकेकाला फोन लावले. भावाला बातमी मिळाली ती अशी.

लाईट यायला आम्हाला सव्वा महिना लागला. त्या मुलाचं नाव मी अजून फोनमध्ये 'पान' म्हणूनच ठेवलंय.

---

सडेवाला | दुपारी २.४१

_/\_

---

म्हाकूल | दुपारी ४.००

आमच्या धंद्यात बातमी म्हणजे वारा. माझे वडील आभाळ आणि पाण्याचा रंग बघायचे, आणि बंदरावरचा बावटा. तीन नंबरचा बावटा लागला की होडी काढायची नाही. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा बऱ्याच होड्या बाहेर होत्या. त्यांना बावटा कुठून दिसणार? बावटा किनाऱ्यावर असतो.

आता फोनवर इशारा येतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि शेवाळाचा रंग बघून मासा कुठल्या पट्ट्यात असेल तेही सांगते. आम्ही बघतो. उपयोग होतो, खोटं का बोलू. डिझेल वाचतं. पण तो पट्टा आम्हाला दिसतो तसा मोठ्या पर्ससीनवाल्यांनाही (मासा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी) दिसतो, आणि आम्ही पोचेपर्यंत ते तिथे असतात. काहीजण मासा ओढायला एलईडी दिवे लावून रात्रीचा दिवस करतात. २०१७पासून त्याला बंदी आहे. बंदी किनाऱ्यावर असते, बावट्यासारखीच.

तेव्हा बातमी लवकर मिळते, हे बरोबर. सगळ्यांनाच लवकर मिळते.

---

पेणची_माती | संध्याकाळी ५.२५

फोनवरचा इशारा म्हटल्यावर मला २० जुलै २०२३ची सकाळ आठवते. ऑफिसात बसले होते. साडेदहाच्या आसपास सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले. सायलेंटवर असलेलेसुद्धा. सरकारची चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश जातो, त्याला नंबर लागत नाही.

पण आदल्या रात्री आमच्या जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. आम्ही सकाळपासून तेच बघत होतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, माणसं पावसात डोंगर चढून वर जात होती. आणि अशात फोन ओरडला, 'हा चाचणी संदेश आहे, घाबरू नका'. शेजारच्या टेबलावरची मुलगी रडायलाच लागली. चूक कुणाची नव्हती, तारीख आधीच ठरलेली असणार. तरी तो आवाज अजून कानात आहे.

---

स्टेशनवर_रिक्षा | संध्याकाळी ६.५०

आमचा अनुभव. गणपतीत चाकरमानी डब्यातून फोन करतात, "ॲपमध्ये गाडी संगमेश्वरला दाखवतेय, तू निघ." मी निघत नाही. कोकण रेल्वे एकपदरी, कुठे क्रॉसिंगला थांबेल ते ॲपला काय माहीत. मी स्टेशनवरच्या चहावाल्याकडे बघतो. त्याने मोठं पातेलं चढवलं की दहा मिनिटांत गाडी. आजवर चुकलेला नाही. त्याला कोण सांगतं, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

---

जुना_खोंड | रात्री ८.३०

मला हे 'पूर्वी सगळी वाडी एका टीव्हीसमोर' ऐकून कंटाळा आलाय. पूर्वी टीव्ही एकाचा होता म्हणून सगळे तिथे होते, प्रेम उतू जात होतं म्हणून नाही. ज्याच्या घरी टीव्ही त्याचा रुबाब. पुढे कोण बसणार, उंबऱ्याबाहेर कोण उभं राहणार, हे सगळं ठरलेलं असायचं. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून मॅच बघितली आहे. आज माझ्या फोनवर अर्धा मिनिट उशिरा दिसते, पण माझ्या खाटेवर दिसते. मला तो अर्धा मिनिट चालतो.

---

सोलकढी | रात्री ९.४५

खोंड, तुमच्याशी सहमत. त्यात माझी एक भर.

खाडीकाठ, २०११ला अख्खी वाडी टीव्हीसमोर होती असं तुम्ही लिहिलंत. त्या अख्ख्या वाडीचा चहा कोण करत होतं?

मी सांगते. आमच्याकडे मी, माझी सासू आणि मोठी जाऊ. ओटीवर पंचवीस-तीस पुरुष आणि पोरं, आम्ही मागे स्वयंपाकघरात. धोनीचा सिक्स मी बघितलेला नाही. मी तो ऐकला. हातात दुधाचं पातेलं होतं आणि ओटीवरून ओरडा आला. मग धाकटा दीर आत धावत आला आणि "वहिनी, जिंकलो!" म्हणून परत पळाला. कसे जिंकलो ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, आणि पेपर आमच्याकडे साडेनवाच्या एसटीने येतो.

तेव्हा तुमचा हा अर्धा मिनिट काल-परवाचा. आमचा फार जुना आहे. ओटीवरचं माजघरात, माजघरातलं चुलीपाशी, अशीच बातमी यायची, पायरी-पायरीने. पुष्कळदा शेवटच्या पायरीपर्यंत यायचीच नाही.

काल रात्री मी फोन डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला होता. तुळशीच्या लग्नाचे पोहे कालवता कालवता शेफालीचे ८७ बघितले, सगळे. दीप्तीच्या पाच विकेट बघितल्या. हरमनने शेवटचा झेल घेतला आणि मी ओरडले, तेव्हा नवरा ओटीवरून उठून आत आला, काय झालं विचारत. त्याचा फोन माझ्यापेक्षा मागे होता.

---

आबोली_सावंतवाडी | रात्री ९.५१

गो बाये!! 😂 ह्या वाचून आजयेक सांगलंय. ती म्हणता, 'खरा आसा ता.'

---

सडेवाला | रात्री १०.०५

मी मघाशी बायकोबद्दल लिहिलं ते मागे घेतो. तिला हा धागा दिसायच्या आत.

---

खाडीकाठ | ४ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

सोलकढी, रात्री तुमचं वाचून झोप जरा उशिरा लागली.

सकाळी आईला विचारलं, २०११ला तू कुठे होतीस? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कुठे असणार, इथेच." मग म्हणाली, "पण मला कळायचं. चौका असला की पोरं ओरडतात, विकेट गेली की मोठी माणसं. तुझे आजोबा काहीच बोलले नाहीत की समजायचं, सचिन आउट." त्या दिवशी सचिन १८वर गेला तेव्हा ओटी एकदम गप्प झाली आणि तिने आपण होऊन चहा टाकला होता, हेही तिने सांगितलं. आम्हाला वाटलं होतं चहा वेळेवर आला.

परवाची फायनल तिने बघितली का, हे विचारायचं धाडस झालं नाही. फोन माझ्या हातात होता.

---

जुना_खोंड | सकाळी ८.३०

विचारा.

---

खाडीकाठ | सकाळी ८.५५

विचारलं. "काकूंकडे गेले होते," म्हणाली. म्हणजे अमनजोतचा झेल तिने माझ्याआधी बघितला. तो ओरडा निव्वळ काकांचा नव्हताच.

---

वायरमन_लांजा | सकाळी ९.३०

आता तरी छत्री हलवा. माडाला सोडा. घराच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून, टाकीच्या बाजूने आग्नेय मोकळी दिसते का बघा. केबल लांब घ्यावी लागेल, मधे जोड देऊ नका, खाऱ्या हवेत जोड सहा महिन्यांत हिरवा होतो. छत्रीचे नट-बोल्ट स्टीलचे घ्या, साधे गंजतात आणि मग दुरुस्तीला मी येतो तेव्हा करवतीने कापावे लागतात.

---

खाडीकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

धागा वर काढतोय, कारण काम झालं. शनिवारी तालुक्याहून माणूस आला, छत्री टाकीशेजारी बसवली, केबल अखंड टाकली. चित्र स्वच्छ. टीव्ही ओटीवरून माजघरात आणलाय, तिथे स्वयंपाकघरातून दिसतो. रिमोट आईकडे.

मग काल रविवार. कोलकात्याच्या ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी जिंकायला १२४ करायचे होते, फक्त १२४. गिल मान धरून बसलेला, त्यामुळे बॅटिंगला येणार नव्हता. एकेक विकेट पडत गेली आणि प्रत्येक विकेटला काकांच्या ओटीवर आणि आमच्या माजघरात एकाच क्षणी तोच उसासा. सगळे मिळून ९३.

आई म्हणाली, "दोन वर्षं बंद होता तेच बरं होतं."

---

वायरमन_लांजा | सकाळी ७.४८

सेटिंगमध्ये जाऊन सिग्नल किती दाखवतो ते लिहा. स्ट्रेंथ नको, क्वालिटीचा आकडा. बॅटिंगचं आमच्याकडे नाही.